तारखेवर न येणारी माणसं

चाळिशीला एक वर्ष कमी असताना मी एम.ए.ला नाव घातलं. विषय काय, तर गुन्हेगारी न्यायशास्त्र. घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवत होता. तो एसटीत कंडक्टर आहे, त्यामुळे काहीही ऐकलं की आधी माणसाच्या तोंडाकडे बघून घेतो आणि मग बोलतो. त्यानं भाताचा घास गिळला आणि म्हणाला, "घरात रोज माया निवाडा होऊनच राह्यला. आता डिग्री घेऊन फाशी देशीन का मले?"

"तू गप जेव," मी म्हटलं. "फाशी द्याचा अधिकार सेशन कोर्टाले असते. मी खालच्या कोर्टासमोर बसतो."

बसते ते खरंच. आलापल्लीच्या पलीकडे जंगलात एका तालुक्याचं कोर्ट आहे, त्याच्या फाटकासमोर, कोर्टाच्याच जागेत, माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. तालुका कोणता ते सांगत नाही. साहेब लोक बदलून जातात, मला तिथंच बसायचं आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन, जी पावसाळ्यात कागद चावते. माहेर माझं सावलीकडचं. बाप प्राथमिक शाळेत मास्तर होता. घरी सकाळी बुद्धवंदना आणि पाढे एकामागोमाग व्हायचे, आणि सतराचा पाढा चुकला तर चहा मिळत नसे. लग्नाच्या मांडवात बापानं कानात सांगितलं होतं, "शिकणं सोडू नको." मी मान डोलावली आणि पुढची अठरा वर्षं सोडलं.

बारा वर्षं मी दुसऱ्यांसाठी "अर्जदार नम्रपणे विनंती करतो की" हे टाइप करत आले. एक दिवस टाळकं फिरलं. म्हटलं, ही सगळी नम्रता कुठून येते आणि कुठं जाते ते तरी एकदा बघू. म्हणून हा विषय. दोन वर्षांची ती डिग्री मला तीन वर्षांत मिळाली. नापास झाले नाही मी, उगाच काही समजू नका. तिसरं वर्ष का लागलं तेच सांगायला बसले आहे.

वर्ग चंद्रपूरला भरायचे, महिन्यातून दोन रविवार. पहाटेची गाडी पकडून मी जायची. नवऱ्याची ड्युटी त्याच गाडीवर असली की तो माझ्यासमोर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "विद्यार्थी का? ओळखपत्र दाखवा." मग गाडीभर हशा. वर्गात माझ्या निम्म्या वयाची पोरं. पहिल्या दिवशी ती मला मॅडम समजून उभी राहिली. मी त्यांना पाच मिनिटं तसंच उभं ठेवलं, मग त्यांच्याच बाकावर जाऊन बसले.

पुस्तकं मात्र मजेची. एका धड्यात लिहिलं होतं की रस्त्यावर दिवे लावले की गुन्हे कमी होतात. मी हात वर करून विचारलं, "सर, ज्या गावात रस्ताच नाई, तिथी कुठं लावाचे?" दुसऱ्या धड्यात फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांनी एकमेकांवर कशी नजर ठेवावी ते होतं. आमच्याकडे कोणाच्या घरी काल काय शिजलं ते सकाळी हातपंपावर समजते, त्याला काय धडा लागतो? पण वाचत गेले तशी गोडीही लागली. इतकी वर्षं ज्या शब्दांचे मी नुसते स्पेलिंग सांभाळत होते, त्यांच्या मागं विचार होता हे कळलं. मुलीच्या अकरावीच्या पुस्तकांशेजारी माझी पुस्तकं आली आणि ती मला म्हणू लागली, "आई, पेन्सिलनं खुणा कर, पुस्तक घाण करू नको."

दुसऱ्या वर्षी प्रबंध होता. माझ्या मार्गदर्शक मॅडम चंद्रपूरच्या, चष्मा नाकाच्या टोकावर आणि बोलणं सुईसारखं. विषय मीच सुचवला, 'आरोपी तारखेवर गैरहजर का राहतात?' कारण हे मी रोज बघत होते. शिपाई दारात येऊन पुकारा करतो, एकदा, दोनदा, तीनदा. कोणी उठत नाही. मग आत वॉरंट निघतं. दुसऱ्या नाही तर चौथ्या दिवशी तो माणूस माझ्या टेबलापाशी येतो आणि मी त्याचा वॉरंट रद्द करण्याचा अर्ज टाइप करते. कारण ठरलेलं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये 'आजारी' नावाची फाईलच होती, नुसतं नाव बदलायचं.

मॅडम खूश झाल्या. "तुमच्या तर दुकानात बसल्या-बसल्या माहिती येते," म्हणाल्या. आम्ही प्रश्नावली केली. गैरहजर राहण्याचं कारण, पर्याय पाच. अ म्हणजे भीती, ब म्हणजे आजार, क म्हणजे प्रवासाची अडचण, ड म्हणजे जाणीवपूर्वक टाळणे, ई म्हणजे इतर. नाव लिहायचं नाही, फक्त केसचा नंबर आणि एक खूण. मी त्या कागदांची चळत टेबलावर ठेवून अशी बसू लागले की झेरॉक्स काढायला आलेला माणूस आधी मला नमस्कार करायचा.

आता त्या म्हाताऱ्याकडे येते. आत जंगलातल्या एका गावचा, माडिया आदिवासी, सत्तरीचा तरी असेल. घराच्या आढ्यासाठी सागाचं एक झाड तोडलं म्हणून त्याच्यावर केस होती, सहा वर्षांपासून. जामिनावर होता. अंगानं काटक, बोलणं कमी, आणि तारीख कधी चुकवायचा नाही. कोर्टातून बाहेर आला की माझ्याकडे चिठ्ठी धरायचा. "बाई, कवाची हाय व?" मी कॅलेंडर बघून किती दिवस ते सांगायची. तो झाडाखाली बसून पळसाच्या वाखाच्या दोरीला गाठी मारायचा. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक गाठ सोडायची. त्यांच्याकडे लग्नाचं, गावसभेचं बोलावणंही असंच जातं. कागद नाही, मोबाईल नाही, आणि माणूस बरोबर वेळेवर हजर.

हे मी मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतून पुढं सरकल्या. "अहो, हे तर प्रबंधातलं अख्खं एक प्रकरण होऊ शकतं! सूचनेची पारंपरिक पद्धत. फोटो हवा. तुम्ही गाठी बांधून देताय आणि ते घेतायत, असा."

आणि इथं माझं शहाणपण नडलं. मार्चचा महिना, पुढली तारीख पंधरा दिवसांनी. मी शिंप्याकडून नवी कोरी पांढरी नाडी आणली, फोटोत उठून दिसावी म्हणून. म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, यावेळी मी बांधून देतो." शेजारच्या चहावाल्यानं मोबाईलवर फोटो काढला. मी मोजून पंधरा गाठी मारल्या, एकेक करकचून. म्हाताऱ्यानं नाडी दोन्ही हातांनी घेतली, मोजली नाही, कमरेला खोचली आणि गेला. मला तर जग जिंकल्यासारखं झालं. घरी नवऱ्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "नाडी पायजम्याची आहे ना व?" मी फोन काढून घेतला.

पंधराव्या दिवशी पुकारा झाला. मी दुकानात एका जामीनपत्राची झेरॉक्स काढत होते. नंबर ऐकला, नाव ऐकलं आणि सवयीनं झाडाखाली बघितलं. तिथं कोणी नव्हतं. दुसरा पुकारा. तिसरा. शिपाई आत गेला आणि थोड्या वेळानं त्याचे मोफत वकील बाहेर आले, सरकारी यादीवरचे, स्वभावानं भले पण कायम घाईत. म्हणाले, "गेला तुमचा हिरो. अजामीनपात्र वॉरंट."

काय सांगू, अंगाची आग आग झाली. माझं प्रकरण, माझा फोटो, माझी पद्धत! जो कधी चुकत नाही तो नेमका याच तारखेला चुकावा? मोहफुलं पडायचे दिवस होते. मला वाटलं, बसला असेल मोहाखाली वेचत, कोर्ट गेलं उडत. त्याच तिरमिरीत मी एक कोरा कागद ओढला, त्याच्या केसचा नंबर टाकला आणि पेनानं, पेन्सिलनंही नाही, 'ड'वर खूण केली. जाणीवपूर्वक टाळणे. संध्याकाळी भाजी चिरतानासुद्धा मी पुटपुटत होते. मुलगी म्हणाली, "आई, वांग्यानं काय केलं तुझं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर केलं तर समोर म्हातारा. धुतलेलं धोतर, डोक्याला टॉवेल, झाडाखाली उकिडवा बसलेला. मला बघून उठला. मी फटाक्यासारखी फुटले. "काऊन बाबा, आता आले का? काल कुठी होते? वॉरंट निघालं तुमचं! पोलीस धरून नेतीन, चंद्रपूरच्या जेलात बसा मग!"

त्याला काही कळेना. त्यानं कमरेची नाडी काढून पुढं धरली. तिला एकही गाठ नव्हती. "काल सकाळी आखरी गाठ सोडली," तो म्हणाला, "आन् निंगलो."

निघालो. तो शब्द ऐकला आणि माझा हात शटरवरच राहिला. मी त्याला खाली बसवलं, स्वतः बसले, आणि एकेक विचारत गेले. शेवटची गाठ म्हणजे पोचायचा दिवस नव्हे, घरून निघायचा दिवस. लग्नाचं बोलावणं असंच असतं. शेवटची गाठ सोडायची आणि चालायला लागायचं. तो गावातून सकाळी निघतो, दिवसभर चालून सडकेवरच्या बहिणीच्या गावात मुक्काम करतो आणि दुसऱ्या सकाळी कोर्टात. स्वतः बांधायचा तेव्हा पंधरा दिवसांच्या तारखेला तो चौदाच गाठी मारत होता. सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर मारत होता आणि मी एकदाही मोजल्या नव्हत्या.

"मंग बाबा, मी दिली तेव्हा मोजली काऊन नाई?"

तो जरा लाजल्यासारखा झाला. "दुसऱ्यानं बांधली का मोजत नाई, बाई. त्याले वाईट वाटते."

फोटोच्या नादात मी एक गाठ जास्त मारली होती आणि तिच्यापायी हा माणूस जेलात जायच्या बेतात होता. वर तो म्हणे, "लवकर होईन ना? बुढी एकटीच मोहाखाली बसून हाय. उद्या येतो म्हणून सांगलो."

वकील आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. "बरं झालं स्वतःहून आला. ती 'आजारी' फाईल काढा. पोटदुखी टाका, जुलाब नको, जुलाब या आठवड्यात तीन झाले."

"साहेब, हा आजारी नव्हता. माझी चूक आहे. तसंच लिहितो."

वकिलांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, नवे साहेब कडक आहेत. तुम्ही कोण आरोपीला तारीख देणाऱ्या, असं विचारलं तर? हे टेबल कोर्टाच्या परवानगीवर आहे, विसरलात का? पोटदुखी लिहा, सगळे सुखात राहू."

खोटं सांगत नाही, मी ती फाईल उघडली. म्हाताऱ्याचं नावही टाइप केलं. पण नव्या साहेबांनी त्या आठवड्यातल्या सोमवारीच दोन पोटदुख्या डॉक्टरचा कागद नाही म्हणून फेटाळल्या होत्या आणि दोघं आत गेले होते, हे मला पक्कं माहीत होतं, कारण दोन्ही मीच टाइप केल्या होत्या. माझं टेबल वाचलं असतं, हा गेला असता. मी फाईल बंद केली आणि नवा कागद घेतला. आयुष्यात पहिल्यांदा "अर्जदार नम्रपणे" यापुढचं वाक्य मी स्वतः जुळवलं. सोबत माझं स्वतःचं शपथपत्र जोडलं. पुरावा म्हणून प्रबंधाची फाईल, नाडी आणि तो फोटो.

कोर्टात साहेबांनी अर्ज वाचला. वय तिशीचं असेल, पश्चिम महाराष्ट्राकडचे, बोलणं एकदम कोरडं. वाचून झाल्यावर चष्मा काढला. "हे शपथपत्र कोणाचं?"

मी उभी राहिले. "माझं, साहेब. समोर टायपिंग करते. आणि गुन्हेगारी न्यायशास्त्राची विद्यार्थिनी आहे." मागं कोणीतरी फिसकन हसलं. वकील छताकडे बघत होते.

"तुम्हाला तारखा द्यायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, साहेब. माणसं विचारतात म्हणून सांगते."

त्यांनी नाडी बघितली, फोटो बघितला, म्हाताऱ्याला चार प्रश्न विचारले. त्यानं मला सांगितलं तसंच त्यांनाही सांगितलं, लग्नाच्या बोलावण्यासकट. मग साहेब प्रबंधाची फाईल चाळू लागले. वरचाच कागद कालचा होता. "हा नंबर यांचाच ना? मग इथं ड वर खूण आहे. ड म्हणजे काय?"

"जाणीवपूर्वक टाळणे, साहेब."

"यांना विचारून भरलं?"

"नाही साहेब. राग आला होता."

म्हातारा माझ्याकडे वळला. "काय लिवलं बाई?"

सांगणं भाग होतं. "तुम्ही मुद्दाम आले नाई, असं लिवलं, बाबा." जमीन फाटावी आणि मी आत जावं, असं झालं मला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं फक्त विचारलं, "आन् सा वर्सं आलो, ते कोठी लिवलं?"

माझ्या प्रश्नावलीत त्याला जागाच नव्हती. साहेबांनी माझी फाईल बाजूला सारली आणि केसची जाड फाईल ओढली. आत रोजनामा असतो, प्रत्येक तारखेला काय झालं त्याची एकेक ओळ. त्यांनी पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "आरोपी हजर. साक्षीदार गैरहजर. आरोपी हजर. साक्षीदार गैरहजर. आरोपी हजर. सरकारी वकील गैरहजर. आरोपी हजर, साक्षीदार गैरहजर." पान उलटलं. "आरोपी हजर. न्यायाधीश रजेवर." इथं शिपायाला हसू आलं, पण साहेब थांबले नाहीत म्हणून त्यानं ते दाबलं. त्यांनी एकेक ओळ वाचली, शेवटपर्यंत. तसंच तारखेमागून तारीख, आणि अगदी शेवटी कालची ओळ. मग पेन उचललं. वॉरंट रद्द. पुढची तारीख शेवटची, साक्षीदार आले नाहीत तरी केस निकाली काढू, असं म्हणाले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तुमच्या त्या अभ्यासाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

ते मी बघितलं. मॅडमना फोन करून विषय बदलते म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या वर्ष जाईल. म्हटलं जाऊ द्या. नवऱ्यानं तेव्हा टोमणा मारला नाही, नुसता चहा करून दिला. पण हे नंतरचं. त्या दुपारी बाहेर येऊन मी म्हाताऱ्याचे पाय धरायला वाकले तर तो दोन पावलं मागं सरकला. त्याला घाई होती. सडकेवरची गाडी मिळाली तर संध्याकाळपर्यंत बहिणीकडे आणि उद्या मोहाखाली.

चार पावलं गेला आणि परत आला. "बाई, साहेब वाचत होता ते समदं मायंच होतं?"

"हो बाबा. तुमचंच."

"हरेक डावाचं लिवून हाय?"

"हरेक डावाचं."

त्यानं कोर्टाच्या दाराकडे हात केला. "नाव घेत, मी हात वर करो, जाय म्हणत," तो म्हणाला. "मले वाटे, कोणी पाह्यतच नाई."

मी पाहत होते. सहा वर्षं त्या दारासमोर बसून, प्रत्येक तारखेला, मी त्याला पाहत होते.